पाऊण मिनिट जास्त

मुरुमांच्या दवाखान्यात माझ्यासारखा माणूस नोकरीला ठेवायलाच नको होता, असं माझी बायको आजही म्हणते. तिचा रोख माझ्या चेहऱ्यावर असतो. मला सोळाव्या वर्षी पुटकुळ्या आल्या आणि बाविसाव्या वर्षी गेल्या. पण जाताना एखादा रागावलेला भाडेकरू भिंतीतले खिळेसुद्धा उपसून नेतो, तशा खड्डे पाडून गेल्या. पेशंट खोलीत आला की आधी माझ्याकडे बघायचा, मग दिव्याकडे, मग दाराकडे. भुसावळचा एक रेल्वेतला गृहस्थ तर खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "भाऊ, तुम्हाला हा दिवा लागू पडला नाही, की लागू पडल्यावर असं झालं?"

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, जळगावची. मी आयटीआयचा वायरमन. डॉक्टरसाहेब कातडीचे डॉक्टर, मूळचे धुळ्याचे. त्यांनी कुठल्याशा मोठ्या इस्पितळातून निघालेला एक जुना दिवा विकत आणला होता आणि तो चालवायला माणूस हवा होता. मला कामावर घेताना ते म्हणाले, "तू दिवा सांभाळ, चेहरे मी सांभाळतो." मी मान डोलावली. दिवा आणि चेहरा यांच्या मधे जे असतं ते कोणी सांभाळायचं, हे मात्र आमच्यात ठरायचं राहून गेलं.

दिवा म्हणजे पाऱ्याच्या वाफेची, बोटाएवढी काचेची नळी आणि तिच्या मागे चकचकीत परातीसारखी पाठ. बटण दाबलं की आधी नुसता जांभळट डोळा उघडायचा. पाच मिनिटांत तो पांढरा-निळा व्हायचा आणि जवळपास वीज पडल्यावर येतो तसला वास खोलीभर पसरायचा. उन्हातला जो भाग कातडी रापवतो, तोच हा दिवा काढून द्यायचा, फक्त दाट करून. डॉक्टरसाहेब मला समजावून सांगत, की पुटकुळी म्हणजे तुंबलेली मोरी. दिव्याने वरची कातडी जराशी लाल होते, दोन-तीन दिवसांत तिचा बारीक कोंडा निघतो आणि त्या कोंड्याबरोबर मोरीचं तोंड मोकळं होतं. जोडीला औषध लावायचं, चेहरा धुवायचा आणि आठवड्यातून दोनदा आमच्याकडे यायचं.

ऐकायला सोपं आहे. करायलाही सोपंच होतं, म्हणून तर चूक झाली.

पेशंटच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या चकत्या, त्यावर काळा चष्मा. गळ्यापासून खाली चादर. दिव्याला एक दोरी बांधलेली आणि दोरीला गाठ. ती गाठ नाकाच्या शेंड्याला टेकली की अंतर बरोबर. पहिल्या दिवशी चेहऱ्याला दिवा दाखवायचाच नाही. चार भोकं पाडलेला पुठ्ठा हाताच्या आतल्या बाजूला बांधायचा, एकेक भोक वेगवेगळा वेळ उघडं ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुठलं भोक गुलाबी उमटलंय ते बघून त्या माणसाचा वेळ ठरवायचा. गोरा-काळा असा सरळ हिशेब त्यात नसे. प्रत्येकाची कातडी आपापलं घड्याळ घेऊन आलेली असायची. सगळी विद्या सेकंदांची होती.

आणि सेकंदांच्या आड यायची वीज. आमचा दवाखाना नशिराबादच्या रस्त्याला, गावाच्या कडेला. पलीकडे केळीचे मळे. आमची आणि मळ्यांची लाइन एकच. उन्हाळा लागला की विहिरींवरच्या बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, मोटारी एकदम सुरू होत, आणि आमच्या दिव्याची स्थिती पंगतीत शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखी होई. दोनशेतीस व्होल्ट यायचे तिथे जेमतेम एकशेसत्तर येत. स्टॅबिलायझर होता, पण एवढ्या उतारावर तोही नुसता कण्हायचा. कधी दिवा मधेच विझायचा, आणि तापलेली नळी निवेपर्यंत पुन्हा पेटायचा नाही. मग मी आणि पेशंट अंधारात गप्पा मारत बसायचो. एका केळीच्या व्यापाऱ्याने अशाच अंधारात मला विचारलं होतं, की या दिव्याखाली केळी लवकर पिकतील का. मी एक फणी ठेवून पाहिली. साल काळी पडली, आत केळं हिरवं ते हिरवंच. तो म्हणाला, "मग माणसांचं काय सांगता?"

या उपाशी विजेवर मी एक तोड काढली होती, आणि तिचा मला भारी अभिमान होता. खोलीच्या भिंतीवर एक व्होल्टमीटर बसवला आणि त्याच्याखाली पेन्सिलीने कोष्टक लिहिलं. इतके व्होल्ट असतील तर वेळ इतका वाढवायचा. डॉक्टरसाहेबांनी ते आठवडाभर तपासलं आणि मान्य केलं. दिवा लावायच्या आधी भिंतीकडे बघायचं, एवढाच नियम. माझ्या आयुष्यातला हा एकमेव शोध. आणि तो मोडणारा पहिला माणूसही मीच.

मंगल आमच्याकडे आली ती होळीच्या आधी. यावलकडच्या केळीवाल्या घरातली पोरगी, धुळ्याला वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. दुसरं म्हणजे शेवटचं वर्ष. गाल, कपाळ, हनुवटी सगळं भरलेलं. डी.एड.च्या मुलींना सराव म्हणून खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर पाठ घ्यावे लागतात. पाचवीच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं भरीतबाई. वांग्याच्या भरतावर जीव टाकणाऱ्या मुलखात हे नाव ठेवायला पोरांना फार डोकं लागलं नसणार. एका पाठात ती फळ्याकडे वळली ती परत पोरांकडे वळलीच नाही. तास संपेपर्यंत फळ्याशीच बोलली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून घरी.

तिच्यासोबत तिचे वडील यायचे, त्यांना सगळे आबा म्हणत. धोतर, टोपी, आणि बोलणं मोजकं. मी दिवा लावला की ते कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे, कारण डोळ्यांना चष्मा लावायला त्यांना लाज वाटायची. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "भो, मले तुमच्या दिव्यातलं काही कयत नाही. पोरगी पोरांपुढे उभी राह्यली पाहिजे, बस."

उभी राहायची तारीख ठरलेली होती. एप्रिलच्या शेवटी धुळ्याला वार्षिक पाठ होता, बाहेरचा परीक्षक येणार होता. तो दिला नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर मामाच्या गावचं एक स्थळ केव्हापासून निरोपावर निरोप पाठवत होतं. आबांनी त्यांना पाठ होईस्तोवर थांबवून ठेवलं होतं. मंगलने हे मला चष्म्याआडून सांगितलं, डोळे बंद असताना माणसं बोलतात तसं. स्थळ वाईट नव्हतं म्हणे. तिला फक्त आधी नोकरी करायची होती.

दोन महिन्यांत चेहरा बराच निवळला. ती मान वर करून बोलू लागली. एकदा तर माझ्या खड्ड्यांकडे टक लावून बघत म्हणाली, "भाऊ, तुमच्या वेळी दिवा नव्हता का?" मी म्हटलं, "होता. रॉकेलचा."

त्या वर्षी पाठ मंगळवारी आला आणि त्याच्या आधीच्या शनिवारी आली आखाजी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात आणि तिच्यापुढे दिवाळीचीसुद्धा मान खाली. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल त्या दिवशी संपतं. नव्या वर्षाची बोली ठरेपर्यंत तो मळ्याकडे फिरकत नाही. दवाखाना अर्थात बंद, डॉक्टरसाहेब सासुरवाडीला धुळ्यात. मंगलची दिव्याची एक खेप मात्र शनिवारीच येत होती. पाठाच्या तोंडावर ती चुकली तर चुकू द्यावी, हे कोणाही शहाण्याला कळलं असतं. मी आबांना म्हटलं, "या तुम्ही, मी उघडतो." डॉक्टरसाहेबांना विचारलं नाही. दोन महिन्यांत तो चेहरा थोडा माझाही झाला होता ना.

माझ्या घरी त्या दिवशी बहीण आलेली, चुलीवर खापर चढलेलं, मांडे आणि आमरसाचा बेत. मी दुपारी बाराला दवाखाना उघडला तेव्हा माझं शरीर तिथे होतं आणि जीव रसाच्या पातेल्यात. चकत्या, चष्मा, चादर, गाठ, सगळं बरोबर केलं. वेळ लावली पावणेदोन मिनिटं. चैत्रापासून तीच लागत होती, कारण चैत्रापासून एकशेसत्तरच येत होते. भिंतीकडे बघितलं नाही. आबा मात्र पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते, काटा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण त्यांना तो घड्याळासारखाच एक, एवढंच माहीत.

रविवारी सकाळी दार वाजलं. आबा उभे होते, मागे डोक्यावरून ओढणी घेतलेली मंगल. ओढणी बाजूला केली तेव्हा माझ्या बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं. चेहरा लालबुंद, ताणलेला, चकाकणारा. डोळ्यांभोवती चष्म्याचे दोन पांढरे गोल. रात्रभर जळजळलं होतं. मंगल रडत नव्हती, कारण अश्रू गालावर आले की झोंबत होते. तिने एकच विचारलं, "परवापर्यंत जाईल का?"

मी शेजाऱ्यांकडे जाऊन धुळ्याला ट्रंक कॉल लावला. तासाभराने लागला. डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्होल्ट किती होते?"

मी म्हटलं, "बघितले नाहीत."

"जा, आता बघून ये. तेवढेच काल असतील."

मी सायकलवर दवाखान्यात गेलो. वाटेत पहिल्यांदा ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही ते ऐकू आलं. मळ्यांमधून एकही मोटार चालू नव्हती. सालदार घरी, मालक आखाजीच्या पत्त्यांत, विहिरी गप्प. काटा दोनशेचाळीसवर पोट पुढे काढून उभा होता. आखाजीला सगळ्या खान्देशाने सुट्टी घेतली होती, आणि त्या सगळ्यांच्या वाट्याची वीज मी एका पोरीच्या तोंडावर सोडली होती.

दुसऱ्या ट्रंक कॉलवर डॉक्टरसाहेबांनी गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, एक मलम सांगितलं, उन्हाचं नाव काढू नका म्हणाले, आणि सोमवारी मला धुळ्यात दाखवा. आबा परत फिरायला निघाले तेव्हा मी म्हटलं, मी येतो बरोबर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोमवारच्या एसटीची वेळ तेवढी सांगितली.

सोमवारी सकाळच्या एसटीत मी सावलीच्या बाजूची खिडकी धरली, खिडकीला टॉवेल बांधला, आणि मांडीवर पाण्याचं मडकं घेऊन बसलो. दर पंधरा मिनिटांनी रुमाल भिजवून मंगलकडे द्यायचा. पारोळ्याला एक म्हातारी चढली, समोर बसली आणि ओढणीत डोकावून म्हणाली, "काय व्हयनं वं माय तुना तोंडले?"

मंगलने ओढणी पुढे ओढली. मीच म्हटलं, भाजलं.

"बठ्ठं बरं व्हई जाई," म्हातारी म्हणाली. मग तिची नजर माझ्या खड्ड्यांवर थांबली. "आन तुनं कव्हय भाजनं, भाऊ?"

ओढणीच्या आतून एक आवाज आला. मला वाटलं पोरगी रडतेय. ती हसत होती, आणि हसल्याने गाल दुखत असल्यामुळे दोन्ही हातांनी ते धरून हसत होती. आबा खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांच्या मिशा हलल्या.

डॉक्टरसाहेबांनी धुळ्यात चेहरा नीट तपासला. फोड नव्हते. डाग राहणार नाही, उद्यापासून साल निघेल, आठ दिवसांत सगळं ठीक, असं म्हणाले. मग मंगलच्या देखत त्यांनी मला सांगितलं, की परवा एक मिनिट द्यायचं होतं, तू पावणेदोन दिलंस. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आपण पाठाचं काय ते उद्या सकाळी ठरवू, असं मंगल म्हणाली आणि वसतिगृहात गेली.

मंगळवारी ती पाठाला आली. साल निघू लागली होती; नाकाच्या बाजूने, कपाळावरून पापुद्रे सुटलेले. सराव शाळेच्या व्हरांड्यात खिडकीपाशी मी आणि आबा उभे. आत पाचवीचा वर्ग, शेवटच्या बाकावर परीक्षक. पाठ होता अपूर्णांकांचा. वर्ग तोच, पोरंही तीच.

ती आत गेली आणि सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघू लागली. तिने फळ्यावर तारीख लिहिली. विषय लिहिला. खडू तिथेच थांबला. ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. आबांनी खिडकीचा गज धरला. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. दुसरं काही मला येतच नव्हतं. एक मिनिट होत आलं असेल.

मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "बाई, तुमच्या तोंडाला काय झालं?"

ती वळली. "भाजलं," म्हणाली. "दिव्याने. ते बघा, खिडकीत उभे आहेत ना, त्या भाऊंच्या हातून."

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. परीक्षकही. मी आयुष्यात इतका कधी बघितला गेलो नव्हतो. खाली बसावं असं वाटलं, पण आबांनी माझं मनगट पकडलं होतं.

"त्यांनी मला एक मिनिट दिवा दाखवायचा होता," मंगल सांगत होती, "आणि दाखवला पावणेदोन मिनिटं. पावणेदोन म्हणजे किती? कोण लिहील?"

एक पोरगी उठली, फळ्यावर एक पूर्णांक तीन छेद चार लिहून आली. मंगलने शेजारी भाकरीएवढी दोन वर्तुळं काढली, एक पूर्ण भरलं, दुसऱ्याचे चार भाग केले, तीन भरले. "आता यातून एक पूर्ण काढून घेतलं. मग भाऊंनी मला किती जास्त भाजलं?"

"पाऊण मिनिट, बाई!" सगळा वर्ग एका सुरात.

त्यानंतर पाठ असा चालला की मी आणि आबा तिथे आहोत हे कोणाला आठवलं नाही. पावशेर, अर्धा डझन, पाऊण तास, सगळं आलं. भरीतबाई हा शब्द कोणी काढला नाही. पोरांकडे त्याहून चांगला विषय होता, तो खिडकीत उभा होता. घंटा झाली तेव्हा मघाचा पोरगा व्हरांड्यात येऊन मला सहानुभूतीने विचारून गेला, "तुम्हाला कोणी भाजलं?"

आबांनी मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते. टोपी सारखी करत ते म्हणाले, "भो, एक मिनिटच दिलं असतं, तं आज काय शिकवलं असतं तिनं?"

ते मोठ्या मनाचे होते. मला मात्र स्वतःला इतक्या स्वस्तात सोडता आलं नाही. तेव्हापासून माझ्या नजरेतून भिंत कधी सुटली नाही. नवा स्टॅबिलायझर आला तरी मी आधी काट्याकडे, मग घड्याळाकडे, आणि मग पुन्हा काट्याकडे बघायचो. पेशंटांना वाटे, हा माणूस यंत्राला भितो. खरंच होतं ते.

मंगल पास झाली, यावल तालुक्यातल्या एका शाळेत लागली. मामाच्या गावचं स्थळ तोवर दुसरीकडे जमून गेलं होतं. तिचं लग्न पुढे तिच्याच सवडीने झालं. तिच्या पुटकुळ्या तेविसाव्या वर्षी गेल्या, जशा माझ्याही वयाने गेल्या होत्या, फक्त खड्डे न पाडता. त्यात दिव्याचा वाटा किती आणि वयाचा किती, हे मी तेव्हाही छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो. नव्वदीत चांगली औषधं आली. असं दाट ऊन कोवळ्या कातडीला पुढे जाऊन महागात पडू शकतं, हे डॉक्टरसाहेबांनी वाचलं आणि त्याच आठवड्यात दिवा बंद केला. हल्ली निळ्या उजेडाने करतात म्हणे, त्यात तो जळका भाग नसतो. आमचा प्रकार आता कोणी करू नये. मी इतक्या गालांवर धरलेलं ते ऊन अधूनमधून आठवतं, आणि आठवलं की झोप लागायला वेळ लागतो. मग एकेक चेहरा आठवून बघतो. जो जो पुढे भेटला तो धड भेटला. मग लागते.

मागच्या वर्षी यावलच्या बँकेत मी पासबुक भरायला गेलो. काउंटरवरचा तरुण क्लार्क नाव वाचून माझ्या तोंडाकडे बघू लागला. मला त्याची सवय आहे. पण तो म्हणाला, "तुम्ही जळगावला दिव्याचं काम करायचे का? पावणेदोन मिनिटवाले?"

मी विचारलं, तुला कसं माहीत.

"आमच्या मंगलबाई अपूर्णांक त्यावरच शिकवायच्या. दरवर्षी. शेवटी विचारायच्या, मग भाऊंनी आधी काय करायला हवं होतं?"

"आणि तुम्ही पोरं काय सांगायचात?"

"भिंतीकडे बघायचं," तो म्हणाला, आणि पासबुकावर शिक्का मारायच्या आधी, सवयीने असेल, भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघून घेतली.